हॉथॉर्नची पत्री

मुलाच्या घरी पोचले त्याच दुपारी, ओल्या नारळाच्या करंज्यांचा डबा कुठे ठेवावा म्हणून मी त्यांच्या बॉम्ब शेल्टरमध्ये शिरले. सिंगापूरच्या फ्लॅटांत ही एक खोली असते, पोलादी दाराची. युद्ध झालं तर घरच्यांनी आत जाऊन बसायचं. युद्ध काही होत नाही, म्हणून तिथे सुटकेस, जुने पंखे आणि मागच्या दिवाळीचा आकाशकंदील जाऊन बसतात. आमच्या चिरंजीवांनी तिथे एक जादा फ्रिजही ठेवला होता. उघडला, तर आत झाड. पान नाही, फूल नाही, गुडघ्याएवढ्या उंचीच्या नुसत्या काटेरी काटक्या. बुंध्याभोवती ओलं शेवाळ, शेजारी तापमापक, फ्रिजचे कप्पेसुद्धा काढून टाकलेले. मी डबा झाडाच्या पायाशी ठेवला आणि मागून ओरडा आला, "आई, दार लाव आधी! त्याचा हिवाळा चाललाय!"

मी डबा काढून घेतला. करंज्या त्याच दिवशी संपवाव्या लागल्या.

झाड हॉथॉर्नचं होतं. विलायतेत शेतांच्या कुंपणाला लावतात ते. आपल्याकडे बोरी-बाभळीला जो मान, तोच त्याला तिकडे. फळंही लाल, पिठूळ, बोराच्या धाकट्या भावासारखी. हे मात्र कुंपणातलं नव्हतं, रानातलं होतं. कुठल्याशा डोंगरउतारावर म्हणे साठ-सत्तर वर्षं उभं होतं. मेंढ्या यायच्या, शेंडे खाऊन जायच्या, म्हणून उंच न होता नुसतं जाड होत गेलं. कुणीतरी परवानगी काढून ते खणलं, कुणीतरी विकलं, आणि वन-नॉर्थ भागातल्या एका मोठ्या ऑफिसात मॅनेजर असलेल्या माझ्या मुलाने मुळांची माती धुऊन घेऊन, सगळी कागदपत्रं करून ते विमानाने मागवलं. मी गेले तेव्हा त्याला येऊन दोन वर्षं उलटून गेली होती आणि फ्रिजमधला हा त्याचा तिसरा हिवाळा होता.

बोन्सायवाल्या लोकांत अशा रानातून आणलेल्या झाडांना फार भाव. त्यांचं म्हातारपण अस्सल असतं म्हणतात. मी विचारलं, सगळं मेंढ्यांनीच करून ठेवलंय तर तू काय करणार? म्हणाला, "आई, ते रॉ मटेरियल आहे. स्टायलिंग अजून व्हायचंय."

वारा, दगड, मेंढ्या आणि सत्तर पावसाळे यांनी मिळून जे केलं, तो याच्या लेखी कच्चा माल. बरं, त्या देशात बर्फ पडतं आणि या देशात बारा महिने उकडतं. हॉथॉर्नला हिवाळा मिळाला नाही तर ते झोपत नाही, आणि झोपलं नाही तर धड जागंही होत नाही. मग यांनी काय करावं? विषुववृत्तावर राहायचं, हिवाळा लागणारं झाड आणायचं आणि हिवाळा विजेवर चालवायचा. हौसेला मोल नसतं हे मला मान्य आहे, पण अक्कलही नसावी?

मी तिथे का गेले होते ते आधी सांगायला हवं. आमचे हे जाऊन चार वर्षं झाली होती. पुण्यात माझा दोन खोल्यांचा फ्लॅट, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर तो विकत मागत होते. मुलगा दर फोनला म्हणायचा, "एकटी काय करतेस तिथे? फ्लॅट विकून टाक आणि इकडेच ये." शेवटी ठरलं की मी लाँग टर्म व्हिजिट पासवर यायचं, दिवाळीपर्यंत राहून बघायचं, जमलं तर तिथल्याच भारतीय वकिलातीत मुखत्यारपत्रावर सही करायची आणि फ्लॅट डॉक्टरांना द्यायचा. डॉक्टर थांबायला तयार होते.

सगळ्यांना मी 'बघू' म्हणत होते. खरं सांगायचं तर मला राहायचं होतं. पुण्यात संध्याकाळचे सात वाजले की दुसऱ्या दिवशी दूधवाला येईपर्यंत माझ्याशी कुणी बोलायचं नाही. इथे घरात माणसं होती. दहा वर्षांची नात होती. माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तरं द्यायची, पण रात्री गोष्ट ऐकायला माझ्याच कुशीत यायची. सकाळी ईस्ट कोस्टच्या बागेत समुद्राकडेने फिरून यायचं, परतताना हॉकर सेंटरमध्ये कॉफी घ्यायची, घरी येऊन कुकर लावायचा. सून पाया लेबारला नोकरीला, ती निघायच्या आत तिचा डबा भरायचा. कुणी मला हे करायला सांगितलं नव्हतं. मी करत होते, आणि मला बरं वाटत होतं.

महिन्याभरात झाडाचा हिवाळा संपल्याचं जाहीर झालं. फ्रिजमधून बाहेर आलं तेव्हा काटक्यांवर मोहरीएवढे डोळे दिसत होते. त्या रविवारी स्टायलिंग. सकाळपासून बाल्कनीत टॉवेल अंथरून त्यावर कात्र्या, पकडी, तारांची भेंडोळी आणि दाताच्या डॉक्टरकडे असतं तसलं कोरायचं यंत्र मांडलेलं. मी तिथे लावलेल्या तुळशीला आणि कढीपत्त्याला कोपऱ्यात सरकवलं. मला फांदी धरायला बसवलं.

मांडीवर त्याने एक चित्र ठेवलं होतं. जपानी पाइनचं. एकावर एक हिरवे थर, जणू ताटात मांडलेले ढोकळे. मी म्हटलं, "हे पाइन आहे. तुझं झाड पाइन नाही."

"फॉर्म बघ आई. फॉर्म क्लासिक आहे."

"ते तिकडे डोंगरावर कसं दिसत होतं?"

त्याने फोनवर फोटो दाखवला. उतारावर एकटं उभं, सगळ्या फांद्या एकाच बाजूला पळालेल्या, दुसऱ्या बाजूने वाऱ्याने सपाट केलेलं. मला ते आवडलं. आडदांड होतं, पण झाड होतं. मी म्हटलं, असंच राहू दे की. त्यावर त्याने माझ्याकडे जे पाहिलं, ते ऑफिसात नव्याने लागलेल्या पोराकडे बघत असेल तसं होतं. "बॅलन्स नाही गं त्यात," म्हणाला.

मग त्याने प्रत्येक फांदीला तार गुंडाळली. गुंडाळली की वाकवायची, वाकवली की दोन पावलं मागे जाऊन डोळे बारीक करून बघायचं, आणि पुन्हा सोडवायची. डावीकडची खालची फांदी माझ्या हातात होती. ती वाकेना. मी सांगितलं, वाकत नाही रे ही. त्याने जोर लावला आणि कडकन आवाज आला. दहा मिनिटं तो तिच्यावर मलम काय लावतो, ओल्या सुंभाची पट्टी काय बांधतो. लहानपणी त्याचा गुडघा फुटला तर मी एवढी धावपळ कधी केली नव्हती. आणि फांदी मोडल्याचं कारण काय, तर मी नीट धरली नव्हती. नाचता येईना, अंगण वाकडं.

शेवटी वाळका शेंडा यंत्राने कोरून तो पांढरा दिसावा म्हणून त्यावर एक पिवळं औषध फासलं. चुना आणि गंधकाचं. सडक्या अंड्यांचा असा वास सुटला की आम्ही जेवणाची ताटं उचलून बेडरूममध्ये गेलो. अर्ध्या तासात खालून कॉन्डोचा सिक्युरिटी गार्ड वर आला. कुणीतरी गॅस गळतीची तक्रार केली होती. मुलगा त्याला दारातच समजावत होता की हे आर्टवर्क आहे. गार्डने नाक धरून मान डोलावली आणि लिफ्ट यायची वाट न बघता जिन्याने गेला.

असं ते झाड क्लासिक झालं. तारांत जखडलेलं, एका फांदीला पट्टी, शेंड्याला चुना. हळूहळू त्याला पानं आली. कातरलेली, शेवंतीच्या पानासारखी, पण तब्येतीने यथातथाच. ऑगस्ट उजाडेपर्यंत कडा तपकिरी आणि वर पांढरी बुरशी. फूल तर या देशात आल्यापासून एकदाही आलं नव्हतं. मुलगा मात्र रोज ऑफिसातून आल्यावर बूट न काढता आधी बाल्कनीत जायचा. चष्म्यावर भिंग लावून पानं बघायचा. त्यांच्या बोन्सायवाल्या ग्रुपचं प्रदर्शन सप्टेंबरच्या शेवटी होतं आणि त्यात हे झाड ठेवायचं होतं. घरात कुणी त्याच्या जवळ गेलं की नात इथल्या पोरांच्या इंग्रजीत ओरडायची, "आजी, डोन्ट टच, ला! पापा विल स्कोल्ड."

आमच्या कॉन्डोत सात-आठ मराठी घरं होती. त्या बायका अधूनमधून चहाला यायच्या आणि झाड बघून काहीतरी बोलायच्याच. एक म्हणाली, "काकू, तुम्हीही तशाच ना? जुनं झाड नव्या मातीत!" मी तिला सांगितलं, मला कुणी तारा गुंडाळलेल्या नाहीत आणि मी फ्रिजमध्ये झोपत नाही. दुसरीचं म्हणणं, बोन्साय घरात ठेवलं की घराची वाढ खुंटते. तुमच्या मुलाचा पीआरचा, म्हणजे इथे कायमचं राहण्याचा, अर्ज परत आला तो त्यामुळेच. मी म्हटलं, माझ्या मुलाची वाढ झाड यायच्या आधीच थांबली होती. ती हसली नाही. अशा लोकांना हसवणं मी केव्हाच सोडून दिलंय.

याच बायकांनी त्या वर्षी हरतालिका माझ्याकडे करायची ठरवली. त्यांना पूजा सांगणारं कुणी हवं होतं. पूजा सांगायला माझं वैधव्य त्यांच्या आड येत नव्हतं; हळदीकुंकवाच्या वेळी मात्र करंडा माझ्यासमोरून अलगद पुढे सरकायचा. असो. मी हो म्हटलं. मुलाला आठवडाभर आधी सांगितलं. तो फोनमध्ये बघत 'हो हो' म्हणाला.

नातीने समुद्राकाठून बादलीत वाळू आणली, मी पिंड केली, पार्वती आणि सखी मांडल्या. सुनेने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. टेक्का मार्केटातून दूर्वा, बेल, आंब्याची आणि विड्याची पानं आली होती. ज्यांनी ही पूजा पाहिलीय त्यांना ठाऊक आहे, हरतालिकेला पत्री लागते ती मूठभर नाही, सूपभर लागते. सात बायका, प्रत्येक नावाला प्रत्येकीचं एक पान. मध्यावरच ताटं रिकामी झाली. एक जण म्हणाली, टिश्यूपेपरची कापू या का? मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग दुसरीने विचारलं, "काकू, बाल्कनीतली घेऊ?"

मी म्हटलं, घ्या.

ते झाड मुलाचं आहे हे मला माहीत होतं. झाडाची पानं पूजेला लागतात आणि झाडाला ती पुन्हा येतात, हेही माहीत होतं. यातली दुसरी माहिती मला जास्त जुनी होती. तुळस देवीला चालत नाही, कढीपत्ता फोडणीचा, तेव्हा उरलं हॉथॉर्न. बायकांनी काटे चुकवत चुकवत ओरबाडलं. सर्वांत जास्त पानं आमच्या सूनबाईंनी आणली, पदराचा ओचा करून. "शेवंतीसारखी आहेत ना?" असंही म्हणाली. पूजा छान झाली. कहाणी झाली, आरती झाली, बायका गेल्या, आणि बाल्कनीत झाड पुन्हा फ्रिजमधून काढल्यासारखं उभं होतं.

संध्याकाळी तो आला. पूजेकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ बाल्कनीत. परत आला तेव्हा चेहरा पांढरा पडला होता.

"कुणी केलं हे?"

"मी सांगितलं घ्यायला," मी म्हटलं. "पत्री कमी पडली."

"पत्री? पत्री म्हणून माझं झाड? आई, पुढच्या महिन्यात शो आहे!"

"येतील रे परत पानं."

"तुला काय माहीत? तुला यातलं काय कळतं?" तो ओरडायला लागला. माझ्यावर तो कधी ओरडला नव्हता, निदान इतक्या मोठ्याने तर नाहीच. "कुणाला विचारलंस? मनाला येईल ते करायला हे तुझं घर नाहीये, आई! कळतंय का? हे तुझं घर नाही!"

सून उपवासाची पपई कापत होती. तिने मान वर केली नाही. पपईच्या इतक्या एकसारख्या फोडी तिने आयुष्यात कापल्या नसतील. नात दारात उभी होती, ती आत निघून गेली.

मग त्याने काय करावं? पिंडीसमोर बसला आणि देवाला वाहिलेल्या पत्रीतून आपली पानं वेचायला लागला. उत्तरपूजा व्हायची होती अजून. बेल बाजूला, दूर्वा बाजूला, एकेक हॉथॉर्नचं पान ओळखून उचललं, टिश्यूवर मांडलं आणि फ्रिजमध्ये नेऊन ठेवलं. ती पुन्हा चिकटवणार होता की काय, मला आजवर कळलेलं नाही. चांगला इंजिनिअर आहे तो.

मला राग आला, पण त्याहून जास्त लाज वाटली. सकाळचा कुकर, सुनेचा डबा, नातीच्या वेण्या, सगळं आठवून आठवून लाज वाटली. मी ते घर आपलं समजून वागत होते, आणि ते माझं नाही हे बाकीच्या सगळ्यांना ठाऊक होतं, असं झालं. सुनेला ठाऊक होतं, म्हणून ती पपई कापत राहिली.

दुसऱ्या दिवशी गणपती बसले. मी मोदक केले, त्याने खाल्ले. वाटलं, आता बोलेल. माणूस चिडतो, तोंडातून शब्द जातो, त्यात काय एवढं? 'आई, बोलून गेलो गं,' एवढं म्हटलं असतं तरी मी ते वाक्य विसर्जनाच्या पाण्यात सोडलं असतं. ऑफिसच्या फोनवर तर दिवसातून वीसदा सॉरी म्हणतो. अमेरिकेतल्या माणसाला सॉरी, चेन्नईतल्याला सॉरी, लाइन कट झाली तर त्या लाइनलाही सॉरी. मला नाही म्हणाला. गौरी आल्या, गेल्या. त्यानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी मीच सांगितलं, कोजागिरी मला पुण्याला करायचीय, आदल्या दिवसाचं तिकीट काढ. तो म्हणाला, "ओके." परत यायचं की नाही, फ्लॅटचं काय, हे मी बोलले नाही आणि त्याने विचारलं नाही. मी ते ठरवलंही नव्हतं. मी वाट बघत होते.

इतक्यात त्या उघड्या काटक्यांवर लाल टिपके दिसायला लागले. मुलाने भिंगातून पाहिलं आणि आंघोळ न करता तासभर तिथेच उकिडवा बसला. आठ दिवसांत कोवळी पानं. हिरवीगार, ना कड तपकिरी, ना बुरशी. आधीची पानं या पानांपुढे खरकटी वाटावीत अशी. आणि माझ्या जाण्याच्या आठवडाभर आधी, मी धरली म्हणून मोडलेल्या त्या डाव्या फांदीवर, पट्टीच्या पुढे, पांढऱ्या फुलांचा एक घोस आला. प्रदर्शन तोवर होऊन गेलं होतं. त्याने झाडाचं नाव आधीच काढून घेतलं होतं.

त्याने रात्रंदिवस इंटरनेट पालथं घातलं आणि मला येऊन सांगितलं, की जावा बेटावर सफरचंदाच्या बागा आहेत. तिथेही हिवाळा नाही, म्हणून शेतकरी सफरचंद उतरवले की झाडाची सगळी पानं हाताने ओरबाडतात. झाडाला वाटतं, हिवाळा होऊन गेला. मग ते फुलतं. हॉथॉर्न सफरचंदाच्याच कुळातलं. हे सगळं तो मला अशा थाटात सांगत होता, जणू मीच त्याची पानं वाचवायला धडपडत होते आणि त्याने मला समजावून ओरबाडायला लावली. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, हे ऐकलं होतं. मारुती झाल्यावर 'मला मारुतीच करायचा होता' म्हणणारा मी घरातच पाहिला.

बायकांत बातमी पसरली. बोन्सायने वाढ खुंटते म्हणणारी बाई तर प्रसादासारखं एक फूल मागायला आली. "हरतालिका पावली हो काकू!" मी म्हटलं, हरतालिकेचं खातं नवऱ्यांचं आहे, इंग्रजी झुडपांचं नाही. आणि त्या फुलाला काय वास होता म्हणता? सुकटीचा. कोकणात पावसाळ्याआधी अंगणात जवळा वाळत घालतात, हुबेहूब तो. जगभरातल्या झाडांतून निवडून, विमानाने आणून, तीन हिवाळे फ्रिजमध्ये झोपवून शेवटी काय फुललं, तर वाळका जवळा. मुलगा डोळे मिटून तो वास छातीत भरून घेत होता.

मी निघायच्या दोन दिवस आधी रविवारी त्याच्या ग्रुपचे लोक आले. दहा-बारा असतील, चिनी, मलाय, दोन तमिळ, एक गोरा. बाल्कनीत दाटी करून उभे राहिले. मी चकल्या तळत होते, तिथवर सगळं ऐकू येत होतं. त्या गोऱ्याने विचारलं, आजारी झाडाची एकदम सगळी पानं काढायचं धाडस तुला झालं कसं? माझा मुलगा म्हणाला, कॅल्क्युलेटेड रिस्क. टायमिंगचा फार अभ्यास केला. दोन वर्षं विचार करत होतो. लोक वा वा करत होते. सूनबाई शेजारी उभ्या राहून हसऱ्या चेहऱ्याने सरबत देत होत्या. ओच्याचा विषय त्यांनीही काढला नाही. आयत्या बिळावर नागोबा एक असतो असं म्हणतात, इथे जोडीने बसले होते. मी चकल्यांचं ताट नेऊन ठेवलं. कुणीतरी माझी ओळख विचारली. "माय मदर," तो म्हणाला, "शी इज व्हिजिटिंग."

लोक गेले आणि तो स्वयंपाकघरात आला. इतका खूश मी त्याला कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. ओट्याला टेकून उभा राहिला, उरलेली चकली तोंडात टाकली आणि म्हणाला, "आई, नको ना जाऊस. तिकीट कॅन्सल करू. मी एम्बसीची अपॉइंटमेंट घेतो, सही करून टाक आणि इथेच राहा. पुढच्या वर्षी परत बोलव सगळ्यांना हरतालिकेला. बघ, झाडाला पण तू हवीस." आणि हसला. खोटं नव्हतं ते. त्याला खरंच मी हवी होते. माझे डोळे भरून आले, तेही सांगून टाकते. मी कप विसळायला घेतले, म्हणजे त्याला दिसू नये.

मला एकच विचारायचं होतं. "त्या दिवशी म्हणालास ना," मी म्हटलं, "हे माझं घर नाही म्हणून. त्याचं काय?"

"कोण म्हणालं?"

"तू. हरतालिकेच्या दिवशी."

तो खरोखर विचारात पडला. कपाळाला आठ्या घालून आठवायला लागला. तो खोटं बोलतो तेव्हा मला कळतं. दुसरीत असल्यापासून कळतं. तो खोटं बोलत नव्हता. "मी?" म्हणाला. "आई, मी असं कशाला म्हणेन? झाडाबद्दल काहीतरी बोललो असेन. तू उगाच मनाला लावून घेतेस." आणि आणखी एक चकली घेतली.

त्या दिवशी कुठल्या फांदीवर किती पानं होती हे विचारलं असतं तर त्याने पटापट सांगितलं असतं. त्याला आठवत असतं आणि शरमेने नाही म्हणाला असता, तर मी राहिले असते. आठवत असून हो म्हणाला असता, तर राहिलेच असते. पण मी सव्वा महिना जे वाक्य उशाला घेऊन झोपत होते, ते त्याच्याकडे नव्हतंच. सांडलेलं पाणी पुसून टाकावं तसं त्याने ते पुसलंही नव्हतं. त्याने ते सांडलेलं पाहिलंच नव्हतं. न आठवणाऱ्या माणसाला माफ कसं करतात ते मला येत नाही.

मी म्हटलं, "बरं. बघू." तो झाडाला पाणी घालायला गेला.

कप पुसून ठेवले, कढईतलं तेल गाळून ठेवलं आणि खोलीत येऊन पुण्याला डॉक्टरांना फोन लावला. सांगितलं, फ्लॅट मला विकायचा नाही, तुम्ही दुसरी जागा बघा. त्यांना वाईट वाटलं असावं, पण माणूस सभ्य. एवढंच विचारलं, "का हो काकू, मुलाकडे करमलं नाही का?"

म्हटलं, "करमलं ना. फार करमलं."